डावी तोरणी

या पृथ्वीच्या पाठीवर जेवढी माणसं आहेत त्यांतली निम्मी आपल्या वाईटावर टपलेली आहेत आणि उरलेली निम्मी त्या निम्म्यांना आतून सामील आहेत, असं आमच्या साडूंचं ठाम मत आहे. मी या दुसऱ्या निम्म्यात मोडतो, आणि ही गोष्ट त्यांनी माझ्यापासून कधीही लपवून ठेवलेली नाही. माझ्या लग्नात डोक्यावरच्या अक्षता अजून झटकायच्या होत्या, तेवढ्यात त्यांनी मला मांडवाच्या कोपऱ्यात ओढून नेलं आणि कानाशी तोंड आणून विचारलं, "पाव्हणं, खरं सांगा, ह्या घरची सोयरीक तुमाला कुणी सुचवली?" मी मध्यस्थाचं नाव सांगितलं. त्यांनी डोळे बारीक केले, मान डोलावली आणि म्हणाले, "मलाबी त्यानंच सुचवलीती." बस्स, एवढंच. पण ते अशा काही स्वरात म्हणाले, की आम्हा दोघांना एकाच जाळ्यात ओढण्याचा मोठा कट कुठेतरी शिजला होता अशी शंका मला लग्नानंतर कितीतरी दिवस कुरतडत राहिली. आजही बायको जास्त गोड बोलायला लागली की मला साडू आठवतात.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या अक्कांचे यजमान. कोरेगावजवळच्या एका गावात आल्याची शेती करतात. उंचेपुरे, रुंद खांद्यांचे, पन्नाशीला टेकलेले, आणि समोरचा माणूस बोलत असताना त्याच्या तोंडाकडे न बघता हातांकडे बघणारे. साताऱ्याला आमच्या घरी आले, की मी माझ्या कपातला पहिला घोट घेतल्याशिवाय ते स्वतःच्या कपाला शिवत नाहीत. एकदा मी मुद्दाम घोट घेऊन जरासा ठसकलो. त्यांनी शांतपणे उठून आपला चहा गॅलरीतल्या जास्वंदीच्या कुंडीत ओतला, आणि तेव्हापासून दर खेपेला आले की आधी जास्वंदीची तब्येत बघतात, मग आमची. लग्नकार्याला गेले तर दोन्ही चपला एका जागी काढत नाहीत. डावी मांडवाच्या दाराशी, उजवी आचाऱ्याच्या चुलीमागे. चोराला जोड मिळता कामा नये. चोराला ती आजवर मिळालेली नाही हे खरं, पण साडूंनाही ती बऱ्याचदा मिळालेली नाही. मोबाईलवर त्यांनी पाठवलेला निरोप समोरच्यानं वाचला आणि उत्तर दिलं नाही, तर "वाचून गप का बसला?" आणि लगेच उत्तर दिलं, तर "टपूनच बसलावता." कुणी म्हणालं, "काय, तब्येत छान दिसतेय!" तर म्हणतात, "कुणाला सांगायचंय?" पावसाचा अंदाज हवामान खातं नव्हे, आल्याचे व्यापारी ठरवतात. चुकून लागलेला फोन कधीच चुकून लागलेला नसतो. आपण घरात आहोत का शेतात, हे कुणीतरी बघत असतं.

आणि असा हा माणूस वर्षातून एक दिवस, चैत्रात गावची यात्रा भरली की, आपला जीव चार माणसांच्या हातात देऊन नाचायचा. त्यांच्या गावच्या भैरोबाची सासनकाठी आहे. दुमजली घराच्या कौलांवरून पलीकडे बघेल एवढा उंच बांबू, वरपासून खालपर्यंत रंगीत फेटे गुंडाळलेला. तो एकट्यानं खांद्यावर तोलून, हलगीच्या ठेक्यावर नाचवत देवळापर्यंत न्यायचा. एवढ्या उंच काठीचा तोल एकट्याला सावरत नाही, म्हणून तिच्या माथ्याला लांब दोर बांधतात. त्यांना तोरण्या म्हणतात. पुढे, मागे, उजवीकडे, डावीकडे अशा चार तोरण्या चार माणसं ताणून धरतात. काठी उजवीकडे झुकायला लागली की डावीकडच्यानं ओढायचं, पुढे कलली की मागच्यानं. मधल्या माणसाला वर बघता येत नाही की मागे बघता येत नाही. त्यानं फक्त नाचायचं.

काठी नाचवायचा मान साडूंच्या घराकडे, त्यांच्या पणज्याच्याही आधीपासून. आणि रिवाज असा, की तोरण्या भावकीनंच धरायच्या. म्हणजे बघा, ज्या भावकीच्या घरचं पाणी साडू फडक्यातून गाळूनही पिणार नाहीत, त्याच भावकीच्या मुठीत त्यांचा तोल! मी एकदा न राहवून विचारलं होतं, "अहो, त्या वेळी संशय नाही येत?" तर म्हणाले, "त्या टायमाला डोस्क्यात काय नसतंय, पाव्हणं. हलगी आन् देव." मग जरा थांबून म्हणाले, "यात्रा झाल्यावर इचार करतो. तवा घाम फुटतो."

डावी तोरणी असायची बापूकडे. बापू म्हणजे साडूंचा चुलतभाऊ, त्यांच्याहून लहान, बांधाला बांध लागून असलेला, अंगानं किडकिडीत आणि बोलण्यानं त्याहून किडकिडीत. दिवसभरात बापू जेवढं बोलतो तेवढं आमचे साडू आंघोळीचं पाणी तापेपर्यंत बोलून मोकळे होतात. त्याच्या या गप्प राहण्यानं साडूंची झोप उडालेली. "जो बोलत न्हाई, त्यो इचार करत असतो," ते मला सांगायचे. "आन् बापूला इचार करायला माझ्या बांधाबिगर दुसरं हाय काय?" त्यातून साडूंनंतर वयानं आणि नात्यानं काठीला खांदा देण्याजोगा होता तो बापूच. "एकदा का खांदा बदलला," साडू म्हणायचे, "की मान माघारी येत न्हाई. आज आजारी म्हणून देशीला, उद्या पोरं म्हणणार, बापूचीच काठी."

दोन वर्षांपूर्वीच्या चैत्रात मी स्वतः तिथे होतो. गुलालानं माणसं ओळखू येत नव्हती, "भैरोबाच्या नावानं चांगभलं" म्हणून घसे बसले होते, आणि साडू असे नाचत होते की त्यांना संशयाचा आजार आहे हे सांगूनही कुणाला पटलं नसतं. देवळाच्या अलीकडे गल्ली संपते, डाव्या अंगाची घरंही संपतात आणि मळ्यांचं मोकळं रान लागतं. तिथं काठी एकाएकी उजवीकडे कलली. साडूंनी तिला सावरायला अंग फिरवलं, पण उजवा पाय होता तिथेच रोवलेला राहिला. पाय एकीकडे, माणूस दुसरीकडे. ते मटकन खाली बसले. आजूबाजूचे दहा-पंधराजण धावले, काठी हातोहात सावरली, जमिनीला लागू दिली नाही आणि तशीच देवळाच्या भिंतीला नेऊन उभी केली. मी साडूंपाशी पोचलो तर गुडघा बघता बघता नारळाएवढा झालेला. "पाव्हणं," ते दात आवळून म्हणाले, "आतून कट्‌ करून आवाज आला. हलगी वाजत असून ऐकला." मी म्हणालो, फार दुखतंय का? त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. ते डावीकडे बघत होते. "डावी ढिली कुणी सोडली?"

झालं. इथून पुढे गुडघा बाजूला राहिला आणि तपास सुरू झाला. यात्रेचं मोबाईलवर काढलेलं चित्रण त्यांनी गावातल्या तीन-चार पोरांकडून मिळवलं. खाटेवर पाय उशीवर टाकून ते दिवसभर तेच बघायचे. पुढे न्यायचे, मागे आणायचे, थांबवायचे. नेमकी काठी कलते त्या क्षणाला पडदाभर गुलाल! बापू नाही, दोर नाही, काही नाही, नुसता गुलाबी धूर. "बघितलं?" साडू मला म्हणाले. "बरोब्बर त्याच टायमाला गुलाल कुणी उधळला?" अहो, यात्रेत सगळेच उधळतात, असं मी म्हणालो, तर त्यांनी माझं नाव त्या गुलालवाल्यांत घातलं. यात्रेच्या दुसऱ्याच दिवशी बापू भेटायला आला होता. उजव्या हाताला टॉवेल गुंडाळलेला, आणि तो हात त्यानं पाठीमागे धरलेला. "बरं हाय का दादा?" एवढं विचारून तो उंबऱ्यापाशी उभा राहिला, अक्कांनी दिलेला चहा डाव्या हातानं प्यायला आणि गेला. तो वळणावर दिसेनासा व्हायच्या आत साडू माझ्याकडे झुकले. "हात लपवत हुता. बघितला न्हवं? ज्या हातानं सोडली, त्योच हात."

गावातल्या एका चोळणाऱ्यानं शीर चढलीय म्हणून गुडघा चोळून दिला. सूज उतरली, साडू चालायला लागले, आणि आम्हाला वाटलं, सुटलो. पण आल्याच्या सरीत वाकून उठताना गुडघा अचानक निसटायचा. पाय जमिनीवर आणि साडू सरीत. हे तीनदा झाल्यावर ते फार गंभीर झाले. परक्यांचा, भावकीचा, सोयऱ्यांचा दगा त्यांनी धरूनच ठेवला होता, पण हा तर घरचाच माणूस उलटला! जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभे राहून ते आपल्या गुडघ्याकडे असे बघायचे, जसे एरवी आल्याच्या व्यापाऱ्याच्या काट्याकडे बघतात. शेवटी अक्का रडायला लागल्या तेव्हा दवाखान्याला तयार झाले, पण साताऱ्याच्या नाही. "साताऱ्यातल्या डॉक्टरास्नी आमची भावकी वळखती," ते म्हणाले. मग मी त्यांना गाडीत घातलं आणि सांगलीला नेलं. वाटेत भावकीतलं कुणी मागे येतंय का, हे ते आरशात बघत होते.

सांगलीत आधी त्या मोठ्या नळकांड्यासारख्या यंत्रात घालून गुडघ्याचा फोटो काढला. बाहेर आले ते घामानं भिजून. "आत हलगी वाजवत्यात, पाव्हणं. धाड धाड धाड. एवढा आवाज कशाला? काहीतरी झाकायला." डॉक्टर तरुण होते, शांत होते आणि त्यांना साडूंची काहीच कल्पना नव्हती. त्यांनी टेबलावरचा प्लॅस्टिकचा गुडघा पुढे घेतला आणि समजावून सांगितलं, की मांडीचं हाड आणि नळीचं हाड यांच्यामध्ये आत दोन मजबूत दोऱ्या असतात, एकमेकींवरून फुलीसारख्या गेलेल्या. एक पुढे सरकू देत नाही, एक मागे. पाय रोवलेला असताना अंग फिरलं की पुढची तुटते. तुमची तुटलीय.

साडू एकदम पुढे सरकले. बाकी कुणाला कळायला वेळ लागला असता, त्यांना लागला नाही. "म्हंजे तोरणी तुटली की!" त्यांनी मग डॉक्टरांना तोरणी म्हणजे काय ते सांगितलं, हातवारे करून, खुर्चीवरून अर्धं उठून. डॉक्टर खूश झाले. म्हणाले, अगदी बरोबर, आणि आता आपण नवी तोरणी बांधायची. तुमच्याच मांडीच्या मागच्या बाजूचा स्नायूला हाडाशी बांधणारी एक लांब कंडरा काढायची, तिचीच दुहेरी दोरी करायची आणि दोन्ही हाडांत भोक पाडून ती आत घट्ट बसवायची.

"माझीच दोरी?" साडूंचे डोळे बारीक झाले. "मग मागं काय ऱ्हातं?"

"तिथे हळूहळू भरून येतं."

"कोण भरतं?"

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. "बाहेरची दोरी न्हाई का मिळत?" साडूंनी विचारलं, आणि डॉक्टर काही बोलायच्या आत स्वतःच मान हलवली. "नको. कुणाची असंल कुणास ठावं."

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी उजव्या पायावर पेनानं बाणाची खूण केली. साडूंना एक बाण पुरेसा वाटला नाही. त्यांनी परिचारिकेकडून पेन मागून घेतलं आणि स्वतःच्या डाव्या मांडीवर ठळक अक्षरात लिहिलं, "ह्यो न्हवं." कमरेखाली भूल दिली होती, त्यामुळे आतमध्ये त्यांना शुद्ध होती आणि समोरच्या पडद्यावर आपल्या गुडघ्याचं आतलं रूप बघायची त्यांनी परवानगी मिळवली होती. ही त्या डॉक्टरांच्या आयुष्यातली मोठी चूक असावी. पडद्यावर शहाळ्यातल्या मलईसारखं पांढरं पांढरं काहीतरी दिसत होतं म्हणे, आणि साडू मधल्या हिरव्या कापडाआडून विचारत होते, "ह्यो माझाच गुडघा कशावरनं?" डॉक्टर म्हणाले, तुमचाच. "मग जरा हालवून दावा." डॉक्टरांनी हलवला. "मला काय हालल्यालं कळंना." अहो, भूल दिलीय. "त्येच म्हंतो मी."

नंतर एक्स-रे आला तेव्हा खरी मजा. वरच्या हाडाशी दोरी अडकवायला एक बारीकशी धातूची पट्टी बसवलेली, ती त्यात पांढरी स्वच्छ दिसत होती. खालच्या हाडात स्क्रू होता, तो दिसत नव्हता. साडूंनी एक्स-रे खिडकीशी धरला, उलटा धरला, बाहेर नेऊन सूर्याकडे धरला आणि परत येऊन हलक्या आवाजात मला म्हणाले, "स्क्रू टाकलाच न्हाई." मी डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी समजावलं की हा खास प्रकारचा स्क्रू आहे, धातूचा नाही, म्हणून एक्स-रेत दिसत नाही, आणि काही वर्षांनी आपोआप हाडात विरघळून जातो. साडूंनी बराच वेळ त्यांच्याकडे बघितलं. डोळ्यांत संताप नव्हता. एखाद्या वाकबगार माणसानं दुसऱ्या वाकबगार माणसाला ओळखावं, तसा आदर होता. "म्हंजे पुरावासुदिक ऱ्हाणार न्हाई," ते म्हणाले. "मानलं तुमाला."

मग गुडघ्याला पट्टा, हातात वॉकर आणि घरी रवानगी. पुढच्या व्यायामांसाठी साताऱ्याला फिजिओथेरपीला आणायचं होतं आणि माझी नोकरी मला रोज कोरेगावला जाऊ देईना. पहिल्याच दिवशी बापू आपली गाडी घेऊन साडूंच्या दारात उभा राहिला. "चला दादा." कुणी बोलावलं नव्हतं. साडूंनी तीन महिने त्याच्याच गाडीतून ये-जा केली, पण पुढच्या सीटवर एकदाही बसले नाहीत. मागे बसायचे, पाय आडवा टाकून, बापूच्या मानेवर नजर रोखून. वाटेत बोलायचे ते फक्त खड्ड्यांविषयी. आमच्या घरी पाणी प्यायला थांबले की बापू खाली गाडीतच बसून राहायचा आणि साडू मला कोपऱ्यात घ्यायचे. "ह्यो रोज का येतोय? सांगा. का येतोय?" मदत करतोय, मी म्हणालो. "मदत न्हवं. पाय कितपत वाकतोय, त्येच्यावर नजर ठेवतोय. चैतापतूर बरा झालो तर काठी माझी. न्हाई झालो तर त्याची."

व्यायाम शिकवणारी मुलगी लहानखुरी, चष्मेवाली आणि भारी हसरी होती. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायला सांगायची, टाच गादीवरून ओढत पाय वाकवायला लावायची. साडू घामाघूम व्हायचे पण करायचे, कारण चैत्र डोळ्यांसमोर होता. त्यांची खरी पंचाईत झाली ती एका पायावर उभं राहायच्या व्यायामाला. एका पायावर, डोळे मिटून. साडू एका पायावर उभे राहिले, पण डोळा एकच मिटला.

"काका, दोन्ही," ती म्हणाली. "मी धरलंय तुम्हाला."

"पोरी," साडू म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात मला संशयापेक्षा काहीतरी वेगळं ऐकू आलं, "धरणारीच सोडत्यात."

ती हसायची थांबली. त्या दिवशी परतताना मी जिन्यापर्यंत त्यांच्याबरोबर गेलो. खाली बापू गाडीचं दार उघडून उभा होता. तो वर बघत होता आणि साडू जमिनीकडे.

चैत्राआधी आम्ही पुन्हा सांगलीला गेलो. डॉक्टरांनी गुडघा वाकवला, ओढला, दोन्ही मांड्यांचा घेर मोजला आणि म्हणाले, छान आहे. चाला, शेतात जा, जिने चढा. साडूंनी विचारलं, "आन् काठी?" डॉक्टर म्हणाले, यंदा नाही. नवी दोरी आत मुरायला वेळ लागतो. तिच्यात नव्यानं रक्त खेळेपर्यंत मधल्या काळात ती उलट कमजोर असते, माणसाला मात्र वाटत असतं आपण बरे झालो. खांद्यावर ओझं घेऊन पाय रोवून फिरलात, तर पुन्हा तुटेल. एका जागी उभं राहून काही करायचं असेल तर खुशाल करा. साडूंनी डोळे बारीक केले. मग हळूच म्हणाले, "तुमाला बापूनं फोन केलता का?"

"कोण बापू?" डॉक्टरांनी विचारलं.

साडूंनी माझ्या पायाला पाय लावला. बाहेर आल्यावर म्हणाले, "नावच म्हाईत नसल्यागत करतोय." पण त्यात नेहमीचा जोर नव्हता. कडेगाव मागे पडलं, साताऱ्याचे डोंगर दिसायला लागले, तरी ते आरशात एकदाही बघत नव्हते. पणज्याच्या आधीपासूनचा मान आपल्या खांद्यावरून जाणार, हे त्यांना कळून चुकलं होतं.

देवळात बैठक बसली तेव्हा सगळ्या गावाला वाटलं होतं, साडू अडून बसणार. त्यांनी उभं राहून एवढंच सांगितलं, "यंदा काठी बापू नाचवंल." लोकांनी माना डोलावल्या. "आन् डावी तोरणी मी धरणार."

बाहेर बांधलेल्या शेळीचं चघळणं देवळात ऐकू आलं. बापूनं मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. घरी आल्यावर अक्कांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. "भावजी, ह्यांच्या मनात काय हाय वो?" मी म्हणालो, काही नसेल. म्हणालो खरा, पण मला स्वतःला खात्री नव्हती. माझी बायको म्हणाली, डॉक्टरांनी उभं राहून करायला परवानगी दिलीय ना, मग झालं. आणि नंतर मला बाजूला घेऊन म्हणाली, तुम्ही त्यांच्या मागेच उभे राहा. गंमत बघा, एवढी वर्षं हा माणूस सगळ्यांवर संशय घेत होता, आणि आता सगळं गाव त्याच्यावर घ्यायला लागलं होतं. साडूंच्या संशयाची लागण व्हायला एवढा एक दोर पुरला.

यात्रेच्या दिवशी मी त्यांच्या पाठीला चिकटून म्हणावं इतका जवळ होतो. पट्टा बांधलेला गुडघा, कमरेला उपरणं आवळलेलं, दोन्ही मुठींत दोर. बापू नाचायला लागला तेव्हा कळलं की हा किडकिडीत, मुका माणूस काय नाचतो! पण साडूंचं नाचाकडे लक्ष नव्हतं. ते वर बघत होते, काठीच्या शेंड्याकडे. आयुष्यभर तिच्या बुडाशी राहिलेल्या माणसानं तो शेंडा पहिल्यांदाच धड बघितला असावा. एकेक पाऊल जपून टाकत ते गल्लीभर आले. मग गल्ली संपली, डाव्या अंगाची घरं संपली, मोकळं रान आलं.

आणि मळ्यांवरून उन्हानं तापलेली वावटळ आली. फेट्यांनी गुंडाळलेली काठी शिडासारखी फुगली आणि उजवीकडे झुकली. साडूंच्या मुठीतला दोर सर्रकन पुढे गेला. मी तो जाताना बघितला. एका क्षणासाठी, खरं सांगतो, मला वाटलं, सोडला. पण त्यांच्या तोंडातून आवाज निघाला, हुंकार आणि किंकाळी यांच्या मधला, आणि ते मागे रेलले, पाय न वळवता, सगळं अंग दोरावर टाकून. मीही त्यांच्या कमरेला मिठी मारली. दोर थांबला. बापू दोन पावलं भेलकांडला आणि सावरला. त्यानं वर बघितलं नाही की मागे बघितलं नाही. काठी उभी राहिली, हलगीनं ठेका धरला, चांगभलं झालं.

देवळासमोरच्या पारावर साडू बसले तेव्हा त्यांनी मुठी उघडल्या. दोन्ही तळव्यांवरून कातडं सोललं होतं, गुलालात रक्त मिसळलं होतं. अक्का हळद आणायला धावल्या. बापू घामानं निथळत समोर येऊन उभा राहिला. साडू कितीतरी वेळ आपल्या तळव्यांकडे बघत राहिले.

"बापू, हात दाव."

बापूनं उजवा हात पुढे केला. तळव्याच्या मधोमध, अंगठ्याखालून करंगळीपर्यंत, एक पांढुरका वळ होता. वर्षभराचा जुना. साडूंनी आपला तळवा त्याच्या शेजारी धरला. त्याच जागी, त्याच तिरकस रेघेत.

"वारं हुतं व्हय रं?"

"व्हय, दादा."

"मग वरीसभर सांगितलं का न्हाईस?"

बापूनं जरा विचार केला. त्याच्या हिशेबानं ते फार लांबलचक भाषण असावं. "तुमी इचारलं कुठं? तुमी नुसतं बगत हुता."

अक्कांनी हळद आणली, तेव्हा त्यांनी आधी बापूचा हात पुढे केला. तो जुना वळ आहे, बरा झालाय, त्याला हळदीची गरज नाही, हे तिथल्या प्रत्येकाला दिसत होतं. अक्कांनी तरी मुकाट्यानं त्यावर हळद लावली.

माणूस बदलला असं मी म्हणणार नाही, तसं म्हणालो तर ते विचारतील, कुणी सांगायला सांगितलं. परतताना मला म्हणाले, "दोर यंदा नवा हुता. जुना कुठं गेला?" आमच्याकडचा चहा अजूनही माझ्या घोटानंतरच. जास्वंदीची तपासणी चालूच आहे. स्क्रू खरंच विरघळला का, हे बघायला ते अधूनमधून गुडघा दाबतात.

यंदाच्या चैत्राआधी सांगलीच्या डॉक्टरांनी त्यांना उड्या मारायला लावलं, पळायला लावलं आणि सांगितलं, आता काठी नाचवा, बिनधास्त. ही बातमी गावात पोचली त्याच संध्याकाळी बापू त्यांच्या अंगणात आला. मी तिथेच होतो. "दादा, काठी तुमची. घ्या," तो म्हणाला. मान माघारी येत नाही, असं आयुष्यभर सांगणाऱ्या माणसाच्या अंगणात मान आपल्या पायांनी चालत आला होता. साडू ओसरीवर बसून चपलेचा अंगठा शिवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"तूच नाचव," ते म्हणाले. "मी डावीकडं हाय."

बापू गेल्यावर मी विचारलं, का हो? एवढं केलं ते काठीसाठीच ना? साडूंनी डोळे बारीक केले, इकडेतिकडे बघितलं, मला जवळ बोलावलं आणि कानाशी तोंड आणलं. मला माझ्या लग्नाचा मांडव आठवला.

"तिथं वारं लय वंगाळ हाय, पाव्हणं," ते म्हणाले. "डावी दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायची म्हंजे... माझा कुणावर इस्वास न्हाई."

यात्रेला मी त्यांच्या मागे उभा नव्हतो, तशी गरज नव्हती. लांब, देवळाच्या पायरीवर होतो. गुलालाच्या धुरातून बापू नाचत येताना दिसला, खाली मान घालून, जगाचं भान नसलेला. आणि डाव्या अंगाला, दोर मुठीत आवळून, वर शेंड्याकडे बघत, वाऱ्यावर संशय घेत आमचे साडू.